लगाम धरलेली मुलगी

मार्चचा तिसरा आठवडा होता. रात्री सगळं कडक गोठायचं आणि दुपारी छपरांच्या कडांवरून पाणी ठिबकायचं. मेपलच्या झाडातून रस वाहायला नेमकं असंच हवामान लागतं. ओदीलने सकाळपासून एकोणचाळीस बादल्या बर्फगाडीवरच्या पिंपात ओतल्या होत्या. मॅलकीने किती ओतल्या हे तिने विचारलं नव्हतं, पण मोजलं होतं. त्रेचाळीस.

मॅलकीच्या वाट्याला ओढ्याकडची जुनी, जाड खोडाची झाडं होती आणि तिच्या वाट्याला चढावरची कोवळी. ही वाटणी बाबांची. जुनं झाड दुप्पट रस देतं, म्हणजे खरं तर तिचंच काम जास्त झालं होतं. हा हिशोब तिने मनात दोनदा करून पाहिला. दोन्ही वेळा बरोबर आला आणि दोन्ही वेळा त्याने काही बरं वाटलं नाही.

“ओदील, तुझे ओठ हलतायत,” मॅलकी पिंपापाशी येत म्हणाला. “मोजतेयस ना?”

“प्रार्थना म्हणतेय.”

“कुणाची? संत त्रेचाळीसची?”

तिला हसू आलं. ते तिने गिळलं. मॅलकीने हातमोजे काढून पिंपाच्या काठावर ठेवले आणि तळहातावर फुंकर मारली. राखाडी लोकरीचे, मनगटाशी लाल पट्टी असलेले हातमोजे होते ते. बारा हिवाळे वापरलेले, तळव्यावर तीनदा रफू केलेले, आता त्याला घट्ट होणारे. मोदेस्तने, म्हणजे ओदीलच्या आईने, त्याला नवे दोन जोड विणून दिले होते. ते पेटीत पडून होते. हा पठ्ठ्या तेच जुने घालायचा. ते समोर दिसले की ओदील नजर वळवायची. ते कुणी विणले होते हे साऱ्या गावात दोघांनाच ठाऊक होतं. एक ती आणि दुसरे तिचे बाबा.

दुपारी रस आटवायच्या खोपीत इलेर तुर्कोत, म्हणजे बाबा, आले. कढईवरची वाफ हाताने बाजूला सारत त्यांनी मॅलकीला सांगितलं की शनिवारी दाढी करून ठेव, नोटरीसाहेब येणार आहेत. मग ओदीलकडे न पाहता म्हणाले, “आणि तू पाकातलं ते गोड कर. त्यांना आवडतं.”

नोटरी कशासाठी येणार हे सांगायची गरज नव्हती. सेंट लॉरेन्स नदीच्या त्या दक्षिण काठावर घराघरांत एकच रीत होती. म्हातारं माणूस हयातीतच सगळी जमीन एका मुलाच्या नावे बक्षीसपत्र करून द्यायचं, आणि त्या मुलाने आईबापांना मरेपर्यंत सांभाळायचं. जमिनीचे तुकडे करायचे नाहीत. बाकीच्या मुलांनी जंगल तोडायला जावं किंवा सीमेपलीकडच्या गिरण्यांत. मुलींनी लग्नं करावीत. मुलीला जमीन म्हणजे परक्या जावयाला जमीन, असं सगळे धरून चालत.

तुर्कोतांना मुलगा नव्हता. म्हणजे होता, आशील नावाचा. सोळा वर्षांपूर्वी, अठराशे सत्तेचाळीसच्या वसंतात, दहा वर्षांचा असताना घसा सुजून तो गेला. त्याच उन्हाळ्यात आयर्लंडहून उपाशी माणसांनी भरलेली जहाजं नदीत शिरली. क्वारंटाइनच्या बेटावर तापाने आईबाप मेले आणि पोरं उरली. फादरनी प्रवचनात सांगितलं, की ही पोरं देवाने आपल्या दारात आणून सोडली आहेत. रविवारी प्रार्थनेनंतर ती चर्चच्या पायऱ्यांवर रांगेत उभी केली गेली. लोकांनी त्यांचे दंड चाचपले, एकाने तर एका मुलाला तोंड उघडायला लावलं. धडधाकट मुलगे आधी संपले. फादरना यात काही वावगं दिसलं नाही आणि लोकांनाही नाही. लेकरू घरात घेणं हे पुण्याचं काम, आणि पुण्याचं काम करताना गवत कापायला दोन हात मिळत असतील तर वाईट काय, असा सरळ विचार होता. त्या पोरांचं आणखी कुणी जिवंत आहे का, हे मात्र कुणी लिहून घेतलं नाही.

आठ वर्षांची ओदील गाडीत बसून होती. बाबा एका नऊ वर्षांच्या लालसर केसांच्या मुलाला घेऊन आले आणि म्हणाले, “हा मॅलकी. आशीलच्या जागी.”

हे त्यांनी शब्दशः खरं केलं. आशीलचे बूट त्याला आले. आशीलचा बिछाना त्याला मिळाला. जेवणाच्या बाकावर बाबांच्या उजव्या हाताला, खिडकीपाशी आशीलची जागा होती. ती चार महिने रिकामी होती, आणि ओदीलने त्या चार महिन्यांत तिथे सरकायची तीनदा परवानगी मागितली होती. तिथे आता तो पोरगा बसला आणि वाटाण्याचं सूप पिताना रडला. मोदेस्तने त्याचं डोकं कुशीत घेतलं. ओदीलच्या छातीत त्या क्षणी जे पेटलं ते पुढे विझलंच नाही. तो घोड्याला नाल मारायला शिकला तेव्हा ते होतं, आणि बाबा त्याला ‘पोरा’ अशी हाक मारायला लागले तेव्हाही. गंमत म्हणजे तिला तो आवडायचा. तो आजारी पडला की तिला झोप लागायची नाही. पण तो बरा झाला आणि बाबा खुशीत शिट्टी वाजवायला लागले, की ते पुन्हा भडकायचं.

ती नांगर धरायची, मेंढ्या भादरायची. दोन स्थळं तिने नाकारली होती, कारण दोन्ही घरांतली जमीन तिच्या बाबांच्या जमिनीपेक्षा हलकी होती. हे कारण तिने कुणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर लोक हसले असते. तिला नवरा नको होता असं नाही. तिला ओढ्याकडचं ते काळ्या मातीचं शेत हवं होतं.

शनिवारपर्यंतचे तीन दिवस तिने रस आटवला. चाळीस बादल्या रसाचा एक बादली पाक होतो. हलवत उभं राहायचं काम, आणि उभ्या माणसाला आठवायला वेळ भरपूर.

एकावन्न सालच्या फेब्रुवारीतली ती दुपार होती. ओदील बारा वर्षांची होती. मॅलकी पीठ दळायला गिरणीवर गेला होता आणि आई शेजारी बाळंतिणीकडे. दारात एक तरुण बाई उभी राहिली. तिची शाल गोठून ताठ झाली होती. मोडक्यातोडक्या फ्रेंचमध्ये तिने सांगितलं, की तिचं नाव ऑनोरा किनेन, शहरात एका घरी कामाला आहे. बेटावर ती तापात बेशुद्ध असताना तिच्या भावाला नेलं. चार वर्षं ती गावोगावच्या फादरना विचारत होती. तिचं आता लग्न ठरलं होतं. नदीपासून दूर, डोंगरातल्या नव्या वसाहतीत नवऱ्याला जंगलाचा तुकडा मिळाला होता. भावाला न्यायला ती आली होती.

बाबांनी चुलीत एक लाकूड सारलं. मग म्हणाले, “बाई, तो पहिल्याच हिवाळ्यात गेला.”

तिने आरडाओरडा केला नाही. फक्त कुठे पुरलं ते विचारलं.

आणि बाबांनी बर्फगाडी जोडली. निघताना त्यांनी ओदीलकडे पाहिलं. ती तोंड उघडायच्या बेतात आहे हे त्यांना दिसलं असावं. त्यांनी तिला पुढच्या फळीवर, आपल्या उजव्या हाताला बसवलं आणि लगाम तिच्या हातात दिले. मुलींच्या हातात ते कधी लगाम देत नसत. “हाक,” ते म्हणाले. “जमतं तुला.”

चर्चच्या आवारात त्यांनी त्या बाईला आशीलच्या क्रूसापाशी नेलं. लाकडी क्रूस, चार हिवाळ्यांत रंग उडून अक्षरं गेलेली, आणि असती तरी तिला वाचता येत नव्हतं. ती बर्फात गुडघे टेकून बसली. मग शालीआडून हातमोज्यांचा एक जोड काढून क्रूसाच्या आडव्या दांडीवर ठेवला. राखाडी, लाल पट्टीचे. तेरा वर्षांच्या मुलाचा हात केवढा असेल याचा अंदाज करून तिने विणले होते. उठल्यावर तिने गाडीकडे पाहिलं. ओदील घोडी स्थिर ठेवण्यात गुंतली होती. म्हणजे तसं दाखवत होती.

ती बाई रस्त्याला लागल्यावर बाबांनी हातमोजे उचलून खिशात घातले. चांगली लोकर होती. संध्याकाळी मॅलकी गिरणीवरून आला तेव्हा त्यांनी ते त्याच्यापुढे ठेवले. “घे पोरा. तुझ्यासाठी आणलेत.” मॅलकीने ते घातले, काढले, पुन्हा घातले. त्या दिवसापासून तो त्यांना बाबा म्हणायला लागला.

ओदील गप्प राहिली. कारण पुढच्या रविवारी चर्चला जाताना तिला पुन्हा लगाम मिळतील असं तिला वाटलं होतं. ते मॅलकीला मिळाले.

शनिवारी नोटरीसाहेब अकराच्या सुमारास आले. बुटांवरचं बर्फ झटकलं, पाकातलं गोड दोनदा घेतलं, दौत चुलीपाशी ठेवून गोठलेली शाई वितळवली. बाबा नवा कोट घालून बसले होते. मॅलकीच्या हनुवटीवर वस्तऱ्याने कापल्याची खूण होती. मोदेस्त हात मांडीवर ठेवून बसली. ओदील उभी राहिली.

नोटरीसाहेबांनी एका सुरात वाचायला सुरुवात केली. जमीन, घर, गोठा, मेपलची राई, हे सर्व मॅलकी किनेन यास. त्याबदल्यात त्याने दात्यांना आमरण द्यावयाचे ते असे. दरवर्षी बारा पोती पीठ, एक पोसलेलं डुक्कर. चिरून दारात रचलेलं जळण. तंबाखू. एक दुभती गाय, जी मेल्यास बदलून द्यावी. रविवारी चर्चला न्यायला जोडलेली गाडी. सहा कोंबड्या. अविवाहित कन्या ओदील हिला लग्न होईपर्यंत माडीवरची खोली, शेकोटीपाशी जागा, आणि चर्चमधल्या बाकावर भिंतीकडची जागा. दोन मेंढ्या, लोकरीसह.

कोंबड्या आणि मेंढ्या यांच्या मधोमध ओदीलने आपलं नाव ऐकलं. गाय मेली तर बदलून द्यायची होती. आपल्याबद्दल तशी काही अट नाही, असं तिच्या मनात आलं.

मॅलकीने टाक उचलला. बोटं थंडीने आखडली होती, म्हणून त्याने ती चोळली, आणि अवघडून नोटरीसाहेबांना म्हणाला, की त्याला फारसं बोलता येत नाही, पण एक सांगतो. चुलीवर वाळत घातलेल्या हातमोज्यांकडे त्याने बोट दाखवलं. “ते बाबांनी आणून दिले ना, तोवर मी इथे कामाला होतो. त्या दिवसापासून मी घरचा झालो. आयुष्यभर फेडेन.”

बाबांनी नाक शिंकरलं. त्यांचे डोळे ओले होते. सोळा वर्षांत ओदीलसाठी ते एकदाही ओले झाले नव्हते.

“बाबांनी नाही आणले ते,” ओदील म्हणाली.

“ओदील,” बाबा म्हणाले.

“तुझ्या बहिणीने विणले. ऑनोराने. ती तुला न्यायला आली होती, मॅलकी. मी गाडी हाकली. बाबांनी तिला सांगितलं की तू मेलास. आशीलचा क्रूस तुझा म्हणून दाखवला. तिच्या लेखी तू त्या क्रूसाखाली आहेस.”

यात खोटं एक अक्षर नव्हतं, आणि तरीही ती सत्यासाठी बोलत नव्हती. टाक त्याच्या हातातून गळावा, बाबांचा चेहरा उतरावा, एवढंच तिला हवं होतं. टाक गळला. कागदावर शाईचा डाग पसरला.

सगळ्यात आधी मोदेस्त बोलली. तिचा आवाज इतका लहान होता की नोटरीसाहेबांना मान पुढे काढावी लागली. “माझ्या आशीलच्या अंगावर उभं राहून खोटं बोललात?”

बाबा मॅलकीशीच बोलत होते. “एक पोरगा मातीत घातला होता मी. दुसरा उचलून द्यायचा होता? कुणाला? त्या रस्त्यावरच्या बाईला? जमीन देतोय तुला. सगळी. आणखी काय करायचं बापाने?”

मॅलकी उठला. चुलीवरून हातमोजे घेतले, उलटे करून आतली वीण पाहिली. “मला विचारायचं होतं,” तो म्हणाला. “तेरा वर्षांचा होतो. बोलता येत होतं मला.” मग हातमोजे सरळ करत, “दंड बघितलेत, दात बघितलेत. एवढं एक विचारायचं राहिलं.”

त्याने सही केली नाही. बादल्या भरल्या असतील, रस आंबेल, असं काहीतरी पुटपुटत तो राईकडे गेला आणि अंधार पडेपर्यंत एकट्याने दोन्ही वाट्यांच्या बादल्या उपसल्या, त्याच्या आणि तिच्याही.

ओदीलला वाटलं होतं, आता बाबा तिच्याकडे बघतील. रागाने का होईना. बाबा खिडकीतून राईकडे बघत होते. नोटरीसाहेबांनी घसा खाकरून विचारलं, की मग आता नाव दुसऱ्या कुणाचं घालू, की कागद फाडू?

“सहीची जागा कोरी ठेवा,” बाबा म्हणाले. “येईल तो. डोकं थंड झालं की येईल.”

जिवंत लेक चार पावलांवर उभी होती आणि तिच्याऐवजी कोरी जागा पसंत केली गेली. माणसाचा हेवा तिने जन्मभर केला होता. त्या दिवशी तिला कोऱ्या जागेचा हेवा वाटला. ती टेबलापाशी गेली आणि नोटरीसाहेबांना म्हणाली, “माझी ओळ खोडा. कोंबड्या राहू द्या, मेंढ्या राहू द्या. मी कुणाच्या देण्यात नाही.” साहेबांनी बाबांकडे पाहिलं. तिने साहेबांच्या हातून टाक घेतला आणि स्वतः ओळ खोडली.

सकाळी मॅलकी निघाला. मोदेस्तने त्याला पाव, खारवलेलं मांस आणि पेटीतले ते दोन नवे जोड दिले. ओदीलला त्याने एवढंच विचारलं, की वसाहत कुठली म्हणाली होती ती. तिला नाव आठवत होतं. बारा वर्षांत ती ते विसरली नव्हती, हे त्याच्या लक्षात आलं आणि तो काही बोलला नाही. ते न बोलणं तिला पुष्कळ दिवस पुरलं.

बाबा वाट बघत राहिले. सहीविना कागद पेटीत राहिला. दोन वर्षांनी, गवत भरताना, ते गोठ्यातच कोसळले. सही नव्हती, म्हणून रीत चालली नाही, कायदा चालला. आणि कायद्याने आई आणि ती, एवढेच वारस होते. ओढ्याकडचं शेत ओदीलला मिळालं ते कुणी दिलं म्हणून नव्हे, द्यायचं राहून गेलं म्हणून. पहिल्या पेरणीआधी तिने चर्चच्या आवारात जाऊन काळ्या रंगाने क्रूसावर अक्षरं काढली. आशील तुर्कोत.

त्या शरद ऋतूत मॅलकीचं पत्र आलं, मोदेस्तच्या नावे. तिनेच त्याला लिहायला शिकवलं होतं. ऑनोरा जिवंत होती. दारात उभ्या माणसाचं नाव तिने मानलं नाही, पण हातमोजे उलटे करून वीण ओळखली. तिला चार मुलं होती आणि थोरल्याचं नाव मॅलकी होतं. तिच्या शेजारचं जंगल या मॅलकीने घेतलं होतं. तीन एकर साफ झालं होतं. बुंध्यांच्या मधून बटाटे लावले होते, चांगले आले. वरच्या अंगाला मेपलची साठ झाडं उभी होती, ती तो तोडणार नव्हता. मोदेस्त मोठ्याने वाचत होती आणि ओदीलला आतून तोच जुना चटका बसत होता. साठ झाडं. बहीण. एक मुलगी भावासाठी चार वर्षं गावं पालथी घालते. आपल्याला कुणी कधी शोधलं होतं?

मग मोदेस्त थांबली आणि तिने कागद ओदीलकडे सरकवला. शेवटची ओळ तिच्यासाठी होती.

‘ओदीलला सांगा, ऑनोराला ती आठवते. ती म्हणते, लगाम धरलेली एक मुलगी माझ्याकडे बघत होती. मला सारखं वाटत होतं, ही काहीतरी बोलेल.’

सत्तर सालच्या जूनमध्ये फादरनी, म्हणजे आता नव्या फादरनी, प्रवचनात सांगितलं की समुद्रापलीकडच्या एका अनाथाश्रमातून लेकरं आली आहेत, देवाने ती आपल्या दारात आणून सोडली आहेत. प्रार्थनेनंतर अकरा पोरं पायऱ्यांवर रांगेत उभी राहिली. समोर गाड्या लागल्या होत्या. कुणी एका मुलाचा दंड चाचपत होतं. रांगेच्या टोकाला सहा-सात वर्षांची एक मुलगी मान वळवून मागे, चर्चच्या दरवाज्याकडे बघत होती. तिथे आणखी लहान एक पोर बसलं होतं, तिच्यासारखंच नाक असलेलं. गवत कापायला ते उपयोगाचं नव्हतं, म्हणून त्याला रांगेत घेतलं नव्हतं.

ओदील आपल्या गाडीवर पुढच्या फळीवर होती. घोडी अस्वस्थ होती. तिला स्थिर ठेवण्यात गुंतून राहणं सोपं होतं. ते कसं करायचं हे ओदीलला चांगलं ठाऊक होतं.

तिने लगाम फळीवर ठेवले आणि खाली उतरली. पायऱ्या चढून ती त्या मुलीपाशी ओणवी झाली. दंडाला हात लावला नाही. सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात तिने फादरना सांगितलं, की वही आणा, आणि आधी प्रत्येकाचं आणखी कोण कोण आहे ते लिहून घ्या. तोवर एकही मूल या पायरीवरून खाली जाणार नाही.

फादर वहीसाठी हलले नाहीत. त्यांनी पायऱ्यांखाली पाहिलं, दुसरं कुणी काही म्हणतंय का ते बघायला. गाड्यांवर सगळे आपापल्या घोड्यांचे लगाम धरून बसले होते.